शिवेवरचा दगड

श्रोतेहो, दसऱ्याच्या संध्याकाळी आपण सगळे सीमोल्लंघनाला जातो. आपट्याची पानं लुटतो, सोनं म्हणून ती एकमेकांच्या हातावर ठेवतो आणि घरी परत येतो. पण सीमोल्लंघन म्हणजे सीमा ओलांडणं. आज आपल्यापैकी किती जणांना आपल्या गावाची सीमा, म्हणजे गावाची शीव, नेमकी कुठं आहे हे बोट ठेवून सांगता येईल? लग्नात मुलीकडची मंडळी नवऱ्यामुलाचं सीमांतपूजन करतात. आता हे पूजन कार्यालयात पंख्याखाली होतं. शब्द मात्र सांगतो की, वऱ्हाड गावच्या शिवेवर आलं म्हणजे यजमानानं तिथवर सामोरं जायचं. शेतजमिनीला आपण शिवार म्हणतो, तोही शब्द याच घराण्यातला. आणि मुंबईत शीव नावाचं रेल्वेचं एक स्टेशन आहे. इंग्रजीत त्याचं सायन झालं. मुंबईच्या बेटाची हद्द तिथं संपत असे आणि पलीकडे साष्टीचा मुलूख लागत असे, म्हणून ती शीव. हद्द गेली, नाव राहिलं.

आज मला बोलायचं आहे ते या हद्दी दाखवणाऱ्या जुन्या दगडांविषयी. तुमच्या माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ते उभे असतात. कुणी त्यांना टेकून विडी ओढतो, कुणी त्यांना शेळी बांधतो, कुणी शेंदूर लावतो. देवळाला असतो तसा त्यांना कळस नाही, किल्ल्यासारखा बुरूज नाही. त्यामुळं त्यांची मोजदाद वारशात होत नाही, आणि रस्ता रुंद करायचा झाला की पहिला बळी त्यांचाच जातो.

आधी हे दगड उभे का राहिले ते पाहू. जमीन सरळ बोलत नाही. नदी पात्र बदलते, झाड वठतं, बांध खचतो, माणूस विसरतो किंवा विसरल्याचं सोंग आणतो. म्हणून जमीन दान देणाऱ्या जुन्या राजांनी ताम्रपटात चारही बाजूंच्या खुणा लिहून ठेवल्या. पूर्वेला अमुक ओढा, दक्षिणेला तमुक गाव, पश्चिमेला वडाचं झाड, अशा. या हद्दीच्या खुणांना त्या लेखांत ‘आघाट’ म्हणतात. पण ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरात पेटीत राहायचा. शेतावर येणाऱ्या जाणाऱ्याला तो कुठला दिसणार? त्याच्यासाठी जमिनीवरच दगड रोवला पाहिजे. तसा तो रोवला गेला आणि त्याच्यावर अक्षरं आणि चित्रं कोरली गेली.

कोकणात, ठाण्याकडे, मुंबईच्या उपनगरांत आणि घाटावरही काही ठिकाणी असे दगड सापडतात. त्यांना ‘गद्धेगाळ’ म्हणतात. दगडाचे साधारण तीन भाग असतात. वरच्या भागात चंद्र आणि सूर्य. मधे लेख. खाली एक गाढव आणि एक स्त्री, आणि ते चित्र असभ्य असतं. काही दगडांवर लेख नसतो, नुसती चित्रंच असतात. चंद्रसूर्याचा अर्थ सोपा आहे. हे दान ‘आचंद्रार्क’, म्हणजे आकाशात चंद्र आणि सूर्य आहेत तोवर, चालावं. मधल्या लेखात दान कुणी दिलं, कुणाला दिलं, काय दिलं हे असतं. खालचं चित्र म्हणजे शाप, खरं सांगायचं तर शिवी. जो कुणी हे दान मोडील, त्याच्या आईची अशी विटंबना होवो, असा तिचा अर्थ. गाळ म्हणजे गाळी, शिवी. काही अभ्यासक मात्र यातला ‘गळ’ हा दगड या अर्थाच्या कानडी ‘कल्लु’शी जोडतात. वीरगळ या शब्दातला गळ तोच.

इथं एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिलाहार राजा अपरादित्य याचा एक शिलालेख मुंबईत परळला सापडला. तो शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा आहे. साष्टीतल्या एका वाडीच्या उत्पन्नातले २४ द्रम्म वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी दिल्याची नोंद त्यात आहे. द्रम्म हे त्या वेळचं नाणं. दानाचा मजकूर संस्कृतात आहे, पण शेवटी शाप येतो तो मराठीत! का बरं? दानाची भाषा पंडितांसाठी होती आणि शाप सगळ्यांसाठी होता. ज्याच्या मनात जमीन बळकावण्याचा विचार येईल, त्याला तो संस्कृत येत नाही म्हणून कळला नाही असं होता कामा नये. आणि ज्याला अक्षरच येत नाही, त्याच्यासाठी खाली चित्र काढून ठेवलं. कायद्याची नोटीस लोकांच्या भाषेत लावावी, हे आपल्या पूर्वजांना आठशे वर्षांपूर्वी उमगलं होतं असं म्हणायला हरकत नाही.

रायगड जिल्ह्यात अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना अक्षी नावाचं गाव लागतं. तिथला शिलालेख तर मराठी भाषेच्या इतिहासात मोलाचा आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यातला शक ९३४ असा वाचला, म्हणजे इसवी सन १०१२. या वाचनाप्रमाणे तो मराठीतला सगळ्यांत जुना ठरतो. काही अभ्यासकांनी त्यातला आकडा वेगळा वाचला आहे आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण वाद घालायला दगड तरी शिल्लक हवा. हा अक्षीचा दगड कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभा होता. गावच्या आणि बाहेरच्या इतिहासप्रेमी मंडळींनी पाठपुरावा केला, वर्तमानपत्रांतून लिहिलं, तेव्हा कुठं त्याची दखल घेतली गेली.

आता थोडं गावच्या शिवेकडे वळू. जुन्या गावगाड्यात शिवेची माहिती ठेवण्याचं काम महाराकडे असे. दोन गावांत शिवेचा तंटा पडला म्हणजे शीव चालून दाखवायची ती त्यानं, आणि पंचांपुढं त्याच्या साक्षीला मोठं वजन असे. पेशवाईतल्या कागदपत्रांत शिवेच्या तंट्यांची पुष्कळ प्रकरणं आहेत. काही वेळा प्रकरण शपथेवर आणि दिव्यावरही जाई. यात एक विलक्षण गोष्ट आहे, ती शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. गावाची हद्द ज्याच्या शब्दावर ठरायची, त्यालाच गावानं वेशीबाहेर राहायला लावलं होतं. शिवेच्या दगडाचा अभिमान बाळगताना हेही आपण विसरता कामा नये.

पुढं इंग्रजी अंमल आला आणि मोजणी आली. मुंबई इलाख्यात १८३५ साली पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नवी पाहणी सुरू केली. तिच्यातूनच आपले सर्व्हे नंबर जन्माला आले. ३३ फुटांची साखळी घेऊन शेत न् शेत मोजलं गेलं. त्या साखळीच्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. मोजणी झाली की कोपऱ्यांवर दगड रोवायचे, कडेनं बांध घालायचे. आज तुम्ही सातबाऱ्याचा उतारा काढलात तर त्यावर ‘सीमा आणि भूमापन चिन्हे’ असं एक घर दिसेल. पुष्कळदा ते मोकळंच असतं. पण ते घर त्या दगडांसाठी आहे.

याच काळात मोठ्या रस्त्यांवर मैलांचे दगड आले. मुंबईत १८१६ ते १८३७ या वर्षांत काळ्या पाषाणाचे असे दगड बसवले गेले. अंतर मोजायचं ते कोटातल्या सेंट थॉमस चर्चपासून, आणि आकडे रोमन. पुढं रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, पदपथ उंच झाले आणि हे दगड खाली खाली गाडले गेले. कुणाचं फक्त डोकं वर राहिलं, कुणाचं तेही नाही. गेल्या काही वर्षांत महापालिकेनं त्यातले बरेच शोधून, उकरून, साफ करून पुन्हा उभे केले आहेत. उत्तरेकडे शेरशाह सूर आणि मोगल बादशहांच्या काळचे कोसमिनार आहेत. त्यातले पुष्कळ मिनार केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केले आहेत. म्हणजे दगड रस्त्यात आला तर तो उखडलाच पाहिजे असं काही नाही. मनात असलं तर रस्ताही होतो आणि दगडही राहतो.

मनात नसलं म्हणजे काय होतं, ते मी पाहिलं आहे. माझ्या आजोळी, कोकणातल्या एका खेड्यात, सड्यावरून खाली उतरणाऱ्या वाटेवर असाच एक दगड होता. कमरेएवढा. वर चंद्रसूर्य, मधे झिजलेल्या अक्षरांच्या सात की आठ ओळी, खाली गाढव. गावात त्याला ‘गाढवाचा दगड’ म्हणत. बायकामाणसं तिथून जाताना पदर ओढून घेत आणि आम्ही पोरं फिदीफिदी हसत असू. माझे आजोबा एवढंच म्हणायचे, “हसू नका रे, त्याच्या अलीकडे देवाची जमीन आहे.” पुढं मी इतिहास घेऊन एम. ए. झालो, कॉलेजात शिकवायला लागलो, दर सुट्टीत त्या वाटेनं गेलो. दर वेळी म्हणायचो, एकदा सवडीनं याचा ठसा घेऊ, फोटो काढू. बारा वर्षांपूर्वी त्या वाटेचा डांबरी रस्ता झाला. मी दिवाळीत गेलो तेव्हा दगड जागेवर नव्हता. शोधता शोधता ओढ्यावरच्या नव्या मोरीच्या भिंतीत मला त्याचा खालचा तुकडा सापडला. गाढव तेवढं दिसत होतं. अक्षरांचा भाग कुठं गेला, ते कुणालाच सांगता आलं नाही. यंत्र चालवणाऱ्या माणसाला दोष कसा द्यावा? त्याला तो एक बऱ्या आकाराचा दगड दिसला. ज्याला तो वाचता आला असता, तो माणूस वीस वर्षं त्याच्यावरून गेला आणि थांबला नाही. देवाच्या जमिनीचं ते दान कुणी दिलं होतं, हे आता कधीच कळायचं नाही.

ही चूक तुम्ही करू नये, म्हणून आजचं हे बोलणं.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात पाहू. केंद्र सरकारचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा, आणि महाराष्ट्राचा १९६० चा. या कायद्यांत प्राचीन स्मारक म्हणजे केवळ देऊळ किंवा लेणं नव्हे. शंभर वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा शिलालेख किंवा एकसंध दगड हाही त्याच व्याख्येत बसतो. मात्र खास संरक्षण मिळतं ते सरकारनं रीतसर घोषित केलेल्या स्मारकांनाच. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानं जुन्या कोरीव दगडांची परदेशी रवानगी आणि बिनपरवाना विक्री यांना आळा घातला आहे. शेताच्या हद्दीच्या खुणांचं म्हणाल तर, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं त्या नीट राखण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आहे, आणि त्या मुद्दाम मोडणं हा दंडाला पात्र गुन्हा आहे. शिवाय १९७६ साली घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली, त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे एक कर्तव्य आहे.

पण महाराष्ट्रात चाळीस हजारांवर खेडी आहेत. प्रत्येक खेड्याच्या शिवेवर सरकार पहारेकरी कुठून ठेवणार? घोषित यादीत जे दगड नाहीत, त्यांना राखणारा गावच. त्यासाठी फार पैसा लागतो असंही नाही. काय करावं आणि काय करू नये, ते सांगतो.

पहिली गोष्ट, दगड जागचा हलवू नका. देवळाच्या आवारात आणून ठेवला म्हणजे जपला, असं आपल्याला वाटतं. पण हद्दीचा दगड ‘इथं’ असं सांगत असतो. जागा बदलली की त्याची निम्मी साक्ष गेली. रस्त्यासाठी हलवणं अगदीच अटळ असेल, तर आधी जुनी जागा, त्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते, आणि जवळच्या पक्क्या खुणांपासूनचं अंतर लिहून ठेवा. फोटो काढा. मग शक्य तितक्या जवळ, तसाच उभा करा.

दुसरी गोष्ट, तो घासू नका. तारेचा ब्रश, तेजाब, चुना, तैलरंग यांतलं काही त्याला लावू नका. अक्षर उठून दिसावं म्हणून रंग भरला, तर रंगवणाऱ्याला जे दिसलं तेवढंच पुढच्या पिढीला दिसतं. साधं पाणी आणि मऊ कुंचला पुरे. अक्षर वाचायचं तर सकाळी किंवा दिवस मावळताना, तिरप्या उन्हात जावं. रात्री बॅटरीचा झोत बाजूनं टाकला तरी चालतं. दुपारच्या उन्हात जे सपाट वाटतं, ते तिरप्या उजेडात बोलायला लागतं. शेंदराचं थोडं नाजूक आहे. लोकांची श्रद्धा दुखवू नये. पण शेंदूर आणि तेल दगडावर न थापता पुढ्यात एक लहान दगड मांडून त्याला लावावं, अशी समजूत गावातल्या वडीलधाऱ्यांकडून घातली, तर लोक ऐकतात.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. सातवी आठवीच्या मुलांना घेऊन एक दिवस गावची शीव चाला. दिसेल त्या दगडाची वहीत नोंद करा: जागा, उंची, रुंदी, वर काय कोरलं आहे, गावात त्याला काय म्हणतात आणि ही माहिती कुणी सांगितली. मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश रेखांशही मिळतात, तेही लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कारण दगडापेक्षा त्यांचं आयुष्य थोडं. नोंदीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवा. ग्रामसभेत ठराव करून रस्त्याचं काम निघण्याआधीच ही यादी संबंधित कार्यालयाला द्या. काम सुरू झाल्यावर यंत्रापुढं हात आडवे करण्यापेक्षा हे सोपं.

शिक्षकांची एक अडचण मला ठाऊक आहे. गद्धेगाळीपुढं मुलामुलींना उभं करायचं कसं? लाजेपायीच असे दगड पालथे घातल्याची, पुरून टाकल्याची उदाहरणं आहेत. माझं म्हणणं असं की, लहान मुलांना चंद्रसूर्यापर्यंतची गोष्ट सांगावी आणि खाली शाप आहे एवढं म्हणावं. मोठ्या मुलांना खरं ते सांगावं. जमीन लुबाडणारा पुरुष, आणि अपमान मात्र त्याच्या आईचा! हा कुठला न्याय? हा प्रश्न वर्गात निघू द्यावा. आजही बांधावर भांडण झालं की तोंडातून ज्या शिव्या येतात, त्या कुणाच्या नावानं येतात? दगड जपायचा म्हणजे त्यावरचं सगळं गोड मानायचं, असं नाही. जे झालं ते डोळ्यांसमोर असलं, तरच आपण त्याच्या पुढं किती आलो हे मोजता येतं.

शेतकरी बंधूंनो, तुम्हांला निराळं सांगायला नको. बांध कोरल्यानं चार तास मिळतात आणि कोर्टात चार पिकं जातात, हे तुम्ही जाणता. एका सरळ उभ्या दगडानं किती भाऊबंदक्या टाळल्या असतील, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. आपल्या वावराचा कोपऱ्यावरचा दगड जसा सांभाळता, तसाच गावाच्या शिवेवरचा सांभाळा. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, म्हणून तर त्याला अधिक जपायचं.

येत्या दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघाल तेव्हा पाच मिनिटं लवकर निघा. घरातल्या मुलाचं बोट धरा आणि खरोखरीच्या शिवेपर्यंत चालत जा. दगड असेल तर त्याला तो दाखवा आणि त्याचा एक फोटो काढा. नसेल तर तो कुठं होता, हे गावात कुणाला आठवतं का ते विचारा.